बार्ज बॉइजचं घुमट

घुमट माळ्यावरून खाली काढलं आणि आधी शिंकले, मग चिडले. खाली उभा राहून शिडी धरणारा माझा मुलगा संजू म्हणाला, "आई, पुसून ठेव हां. ते महोत्सवाचे लोक न्यायला येतील."

पुसते, म्हटलं. अगदी नीट पुसते.

एका तोंडाला चामडं ताणलेलं ते मातीचं वाद्य जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. फडकं सोडलं तशी तांबडी धूळ उडाली, आणि ती धूळ इथली, पेडण्याची नव्हे, माझ्या माहेरची, डिचोलीची. शपथेवर सांगते. खनिजाची धूळ एकदा मातीच्या भांड्याला धरली की पावसाळे तिला धुऊ शकत नाहीत. भाजलेल्या मातीचा वास, चामड्याचा उग्र, थोडा खारट वास, आणि त्यावर कुणाच्या तरी केसांच्या माक्याच्या तेलाचा. घुमटाच्या पोटावर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं: द बार्ज बॉइज. ती माझ्या नवऱ्यानं रंगवलेली. अक्षर सुंदर होतं त्यांचं. तेवढं मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

आमच्या गावावर जांभ्या दगडाचं जे मोकळं पठार आहे, आमचा सडा, तिथे यंदा मोठा संगीत महोत्सव भरायचा होता. जिथे आम्ही करवंदं काढायला जायचो आणि काट्यांना शिव्या देत परत यायचो, तिथे आता लोखंडी कुंपण आणि शंभर टेम्पो. मोपाला विमानं उतरायला लागल्यापासून आमच्या सड्याला असे पाहुणे लागतात. माझी नात मिनू महिनाभर फोनला चिकटून बसली होती. शेवटच्या दिवशी सगळ्यात शेवटी कोण वाजवणार, त्याचं नाव म्हणे जाहीर केलेलं नाही. पोस्टरवर नुसती काळी सावली. मग सावलीच्या केसांवरून अंदाज, गिटार कुठल्या खांद्यावर आहे त्यावरून अंदाज, कुठला बँड कुठल्या तारखेला मोकळा आहे त्यावरून अंदाज. मैत्रिणीशी भांडण झालं, दोन दिवस अबोला.

मी तिला हसले. मग स्वतःलाच हसले, कारण मी याहून मोठी गाढव होते.

एकोणीस वर्षांची असताना डिचोलीच्या बाजारात माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानावरच्या माडीच्या जनेलात मी. त्या खिडकीतून अख्ख्या तालुक्याची कीर्ती-अपकीर्ती दिसायची. पोर्तुगीज जाऊन दहाएक वर्षं झाली होती, आणि गोव्यात जिकडेतिकडे पोरांनी गिटारी उचलल्या होत्या. लग्नात बँड, चर्चच्या फेस्तात बँड, कॉलेजात बँड. आमच्या डिचोलीत जत्रा आटोपली की पुढच्या शनिवारी मैदानावर 'बीट शो' व्हायचा. तीन बँड. आणि शेवटचा मान कुणाला, यावर महिनाभर आधी बाजारात वाद. म्हापशाचा ट्रंपेटवाला बँड की मडगावचे जुळे भाऊ की आमचे घरचे, नदीवर खनिजाच्या बार्जी, त्या सपाट बोटी, भरणाऱ्या कंपनीतले चौघे, बार्ज बॉइज? न्हावी एक बोले, शिंपी दुसरं. पोदेर सकाळी उंडे घेऊन यायचा तो पावाबरोबर बातमी द्यायचा: म्हापसेकरांचा ट्रंपेट फुटलाय. दुपारपर्यंत कळायचं, ट्रंपेट शाबूत आहे, ओठ फुटलाय.

मी सोड्याच्या बाटल्यांच्या पैजा लावायचे. शेजारच्या शकूकडून मी बाटलीवर बाटली जिंकली, कारण माझा हिशेब कधीही चुकला नाही. माझा हिशेब सरळ होता: हॉर्न.

हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. खाणीवरचे ट्रक ड्रायव्हर आपापले ट्रक मैदानाच्या कडेनं गोल लावायचे, तोंडं आत करून. दिवस कलला की हेडलाइट लावायचे. तोच रंगमंचाचा उजेड. ही माणसं टाळ्या वाजवत नसत. बँड आवडला की बॉनेटवर थाप, आणि फारच आवडला की हॉर्न. एकानं दिला की दुसरा द्यायचा, मग सगळे. त्या हॉर्नांनी मैदानाची जमीन थरथरायची, धूळ उजेडात तांबडी लाट होऊन उठायची, खाज्याच्या दुकानातलं आलं-गुळाचं वाफाळतं घमेलं झाकायला बाई धावायची. ज्या बँडला हॉर्न मिळाला तो वर्षभर मोठा. बाकीच्यांनी लग्नात वाजवावं.

आणि बार्ज बॉइजना दर वेळी हॉर्न मिळायचा. गिटारवाल्यामुळे नाही, तो बिचारा तार लावता लावता गाणं संपवायचा. गायकामुळे तर नाहीच. हॉर्न मिळायचा तो ढोलवाल्याच्या घुमटाला. पांडुरंग त्याचं नाव, बँडमध्ये पँडी. लाल शर्ट, कपाळावर ओले केस, पायाखाली विलायती ढोल, आणि गळ्यात दोरीनं अडकवलेलं घुमट, आपल्या गणेशचवथीच्या आरतीतलं. परदेशी गाणं चाललेलं असायचं, ढोल थांबायचा, आणि मग ते घुमट सुरू. आधी लांब कुठेतरी ओढ्याला पाणी आल्यासारखं, मग जवळ, मग अंगावर. उजवा हात चामड्यावर, डावा तळवा मागच्या तोंडावर उघडझाप. मुलींसाठी दोर बांधून वेगळी बाकं ठेवलेली असायची, वडील कमिटीत म्हणून मला पहिलं बाक. मी त्या बाकावर बसून त्या ओल्या केसांकडे बघत असे आणि माझ्या बरगड्यांत ते पाणी शिरत असे. तो ताल मला तोंडपाठ झाला. पोळी लाटताना लाटण्यानं, झोपताना भिंतीवर बोटांनी.

स्थळ आलं तेव्हा वडील म्हणाले, विचार कर, बँडवाला आहे. मी विचार करायला पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाही घेतला नाही. आई लाजेनं लाल झाली. आत्यानं विचारलं, त्याच्यात पाहिलंस तरी काय? आणि ही शहाणी म्हणते, "ज्याच्या हातात एवढा ताल आहे, त्याचा संसार कधी चुकायचा नाही." अजून आठवलं की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. एकोणीस वर्षांच्या मुलीला बोलायची परवानगीच असू नये.

लग्न झालं, पेडण्याला आले. सासरचं मूळ घर इथलं. डिचोलीची खोली फक्त नोकरीपुरती होती. तिथे त्यांना शिजवून घालायला त्यांची धाकटी बहीण राहायची, सुलोचना. सुलू. काळीसावळी, हडकुळी, बोलायला कंजूस. बँडच्या कार्यक्रमाला कधी दिसली नव्हती. मी मनात म्हणत असे, काय रूक्ष मुलगी, भाऊ एवढा वाजवतो आणि ही घरी भात शिजवते.

पहिली चवथ आली. गणपतीवर टांगायच्या चौकटीला, माटोळीला, फळं बांधली, सुपाऱ्यांची शिपटी, कांगलां, नीरफणस, घरभर तो ओला, हिरवा, किंचित आंबूस वास. आरतीला सगळा वाडा जमला. घुमटं उन्हात घालून तापवली होती, कारण चामडं ताणलं नाही तर घुमट बोलत नाही. मी नवी नवरी, दारामागे उभी, कान टवकारून. आता वाजवतील. आता सगळ्या वाड्याला कळेल मी कुणाशी लग्न केलंय.

आमच्या ह्यांच्या उजव्या हाताला पट्टी. काल विळीवर कापलं म्हणे. पुरुषमाणूस आणि विळी, तेव्हाच कळायला हवं होतं. ह्यांचे काका हसून म्हणाले, "ह्या पांडग्याचो हात दर चवथीक कापता." सगळे हसले. मीही हसले, मूर्ख.

आरत्या संपल्या, पुरुष जेवून आडवे झाले. आम्ही बायका स्वयंपाकघरात. पातोळ्यांच्या हळदीच्या पानांचा वास अजून कोंडलेला. सासूबाई भिंतीला टेकून पेंगत होत्या. सुलूनं पाणी तापवायचं तांब्याचं मोठं भाण घासून पालथं घातलं, त्याच्यापुढे बसली, आणि ओले हात पुसता पुसता, जसं कुणी गुणगुणतं ना, तसं बोटांनी वाजवायला लागली.

आधी लांब कुठेतरी ओढ्याला पाणी आल्यासारखं.

माझ्या हातातली वाटी खाली पडली. मग जवळ. मग अंगावर. तोच ताल. तीच मधली एक थाप मुद्दाम गिळलेली, जी ऐकून मी बाकावर श्वास रोखायचे.

मी विचारलं, "सुलू, हे दादांनी शिकवलं तुला?"

तिनं भाणावरून हात उचलला नाही. "दादाक खंय येता, वयनी?" म्हणाली. एवढंच. गर्व नाही, तक्रार नाही. पाऊस पडतोय म्हणावं तसं.

मग हळूहळू तिच्याकडून काढून घेतलं. रंगमंचाच्या मागे नाटकाचा पडदा असायचा, राजवाड्याचं चित्र रंगवलेला. त्या पडद्यामागे, रंगवलेल्या सिंहासनाच्या बरोबर पाठीशी, सुलू बसायची. पुढ्यात माइक, मांडीवर घुमट, शेगडीवर तापवून टणटणीत केलेलं. आणि ह्यांच्या गळ्यातलं ते देखणं, नाव रंगवलेलं घुमट? निघायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसायचे. चामडं सैल पडलं की कितीही थापा मारा, आवाज नाही. वाजलंच तर दोन ताल एकमेकांत अडकतील, म्हणून मुकं केलेलं. ते मुकं घुमट उजेडात, आणि बोलकं अंधारात. हॉर्न सुरू झाले की सुलूचं काम संपायचं. ती मागच्या वाटेनं, बाजाराला वळसा घालून खोलीवर जायची, कारण दादा कौतुक ऐकून येईपर्यंत भात तयार हवा.

म्हणजे मी पडद्याच्या एका बाजूला बसून टाळ्या वाजवत होते त्या लाल शर्टाला. लग्नसुद्धा केलं. लग्न केलं मुक्या घुमटाशी!

त्या रात्री मी ह्यांना विचारलं. लाजतील, निदान चिडतील असं वाटलं होतं. ते हसले. "लोकांका ढोलार बाप्याच होयो," म्हणाले. लोकांना ढोलावर पुरुषच हवा असतो, मी काय करू? आणि कूस बदलून झोपले. माणूस वाईट नव्हता. आयुष्यात माझ्यावर हात उगारला नाही, मुलांना खांद्यावर घेऊन सड्यावर फिरवलं, माझ्या आईच्या शेवटच्या आजारात तिचं सगळं केलं. म्हणूनच राग धड उतू जात नाही, पातेल्याच्या कडेला नुसता फेसाळत राहतो. वाईट माणसावर रागावणं किती सोपं असतं.

पुढे बँड मोडला. सुलूचं लग्न दोडामार्गला झालं आणि दुसऱ्या पावसाळ्याआधी ती परत आली, हातात लग्नात नेलेली तीच पेटी. का आली ते तिनं सांगितलं नाही. मागची खोली तिची झाली. मोरीजवळच्या खुंटीवर तिचं घुमट, साधं, नाव नसलेलं, अजून टांगलेलं आहे. बँड नाहीसा झाला तरी कीर्ती वाढत गेली. कीर्तीला खायला लागत नाही. पँडीचं घुमट ऐकून अमक्याच्या म्हशीनं दूध जास्त दिलं, तमका पणजीहून चालत आला. सांगणारे दर वर्षी वाढायचे, ऐकलेले कमी व्हायचे. मी पन्नास वर्षं खरं सांगतेय. सासूबाईंना सांगितलं, जावांना सांगितलं, मुलांना सांगितलं. पण मी पडले खोडकर. माझ्या जिभेवर कुणाचा विश्वास नाही. "आईचं काहीतरीच," म्हणून सगळे हसतात. जन्मभर चेष्टा केल्याचा हा दंड: एकदाच खरं बोलले, तर तोही विनोद झाला.

महोत्सवाची माणसं आली ती अशा घरात. दोन मुलगे, एक मुलगी. कदेलींवर, आमच्या जुन्या खुर्च्यांवर, बसली, कोकमाचं सरबत प्याली. मुलगी गोड होती, पण 'लेजंड' हा शब्द तिनं इतक्या वेळा म्हटला की मला वाटलं ह्यांचं आडनाव बदललं. म्हणे, गोव्याच्या जुन्या बँडना मानवंदना द्यायची आहे. शेवटच्या दिवशी लेजंडचं घुमट रंगमंचावर ठेवणार, ज्याच्या नावावरून एवढा गोंधळ चाललाय तो सावलीतला पाहुणा स्वतः त्यावर थाप मारणार, आणि लेजंडच्या कुटुंबाला शाल-श्रीफळ. संजूचा चेहरा तव्यावरच्या पोळीसारखा फुगला.

मी म्हटलं, हे वाजवणारी आत तांदूळ निवडतेय, तिला बोलवा.

सगळं सांगितलं. पडदा, सिंहासन, ओलं फडकं. मुलगी हसली, "सो स्वीट, आजी," म्हणाली, आणि पुढच्या वर्षी बायकांची थीम आहे तेव्हा नक्की बघू, असं हिंदीत सांगितलं. पुढच्या वर्षी! सुलूला सत्त्याहत्तर झाली, बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकली, आणि ह्यांची थीम पुढच्या वर्षी. ती गेल्यावर संजू म्हणाला, "बाबांचं एवढं नाव होतंय. ते गेल्यावर तरी सोड ना, आई." आत गेले तर सुलू खडे बाजूला करत होती. म्हणाली, "व्हरूं दी गो. मडक्याचां काय."

नेऊ दे म्हणे, मडक्याचं काय! माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी तिच्या वाटणीचं रागावतेय आणि ही एक शब्द रागवायला तयार नाही. कुणीतरी रागावलं पाहिजे ना?

चामडं कशाचं, असं त्या मुलांनी विचारलं होतं. घोरपडीचं म्हटलं असतं तर वनखात्याच्या भीतीनं पळाली असती, म्हणून मी बोकडाचं सांगितलं. मला ते घुमट द्यायचं होतं. आणि शेवटच्या दिवशी दुपारी, ते लोक न्यायला यायच्या आधी, संजूनं सांगितल्याप्रमाणे ते पुसून ठेवलं. ओल्या फडक्यानं. चांगलं दोनदा.

ऊन उतरताना आम्ही सड्यावर गेलो. करवंदीच्या जाळ्या कापून तिथे गवताचा हिरवा गालिचा अंथरला होता, खोटा. पुढे हजारो पोरं, चकचकीत कपडे, अंगाला अत्तरांचा आणि तळलेल्या बटाट्यांचा वास. मी इस्त्रीची सुती साडी नेसून रंगमंचावर, संजू बाजूला. सुलूला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, म्हातारी आत्या म्हणून. मागे पडद्यावर ह्यांचा फोटो, दोन माड उंच. लाल शर्ट, ओले केस. काय सांगू, या वयातही बघून क्षणभर बरं वाटलं. गाढवपण जात नाही माणसाचं.

सावली पडद्याआडून बाहेर आली. मिनूचा अंदाज चुकला होता, मैत्रिणीचा बरोबर. गर्दी किंचाळली. त्या गायकानं घुमट दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावलं, मला वाकून नमस्कार केला, माइक जवळ आला, आणि त्यानं सगळा जीव एकवटून थाप मारली.

फस्स.

ओल्या पोत्यावर काठी पडावी तसं. त्यानं परत मारली. फस्स. माइकवाले धावले, वायरी हलवल्या, दुसरा माइक आणला. आता तो आवाज सबंध सड्यावर मोठ्यानं घुमला: फस्स. पोरं हसायला लागली. संजू माझ्याकडे बघत होता. त्याला एवढंच आठवत होतं की पुसून ठेव असं त्यानंच सांगितलं होतं.

मी त्या गायकापुढचा माइक घेतला. म्हटलं, "तुझा दोष नाही रे बाबा. हे घुमट कधी वाजलेलंच नाही. माझ्या नवऱ्याच्या गळ्यात ते नुसतं लटकायचं. वाजायचं ते पडद्यामागे, आणि वाजवणारी ती बघ, तिथे पहिल्या खुर्चीत बसलीय. सुलोचना तिचं नाव. बार्ज बॉइजना जे हॉर्न मिळाले ते सगळे तिचे."

आणि काय झालं असेल? गर्दीनं प्रचंड टाळ्या वाजवल्या. "आजी, आजी" म्हणून नाचायला लागली. दिल्लीची, बेंगळुरूची पोरं. त्यांना माझा एक शब्द कळला नव्हता. मी पावसाचा अंदाज सांगितला असता तरी त्यांनी तशाच टाळ्या दिल्या असत्या. सगळं आयुष्य ज्या एका वाक्यासाठी जपून ठेवलं, ते वाक्य असं खोट्या गवतावर सांडलं. मला तो माइक फेकून मारावासा वाटला. निवेदक हसत हसत शाल घेऊन पुढे आला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून हॉर्न आला.

एकच, लांब. तिथे पाण्याचे टँकर उभे होते, आपल्याच डिचोली-पेडण्याच्या ड्रायव्हरांचे. खाणी बंद पडल्यावर ज्यांचे ट्रक गेले आणि टँकर आले, ती माणसं. त्यांना भाषा कळली होती. त्यातल्या कुणाच्या बापानं त्या मैदानावर हेडलाइट लावले होते की नाही, मला ठाऊक नाही. पण एकानं हॉर्न दिला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. माझ्या पायांखाली जांभा थरथरला.

मी सुलूकडे पाहिलं. तिनं मान वर केली, ऐकलं. दोन्ही वाकडे हात पदराला पुसले. आणि खुर्चीवरून उठून, कुणाकडे न बघता, बाजूच्या वाटेनं निघाली.

शाल तशीच निवेदकाच्या हातात ठेवून मी पायऱ्या उतरले. माझे गुडघे काय म्हणतात ते विचारूच नका. कठड्याजवळ तिला गाठलं, दंड धरला. खंय चल्लंस, म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मीच वेडी आहे. हॉर्न अजून वाजत होते.

"हॉर्न जाले मगे," ती म्हणाली. "आता भात शिजत घालूचो आसा."

मी तिला ओढत परत नेलं, त्या पहिल्या खुर्चीत बसवलं आणि दोन्ही हात तिच्या खांद्यांवर दाबून मागे उभी राहिले.

"बस गो," म्हटलं. "ते थांबेपर्यंत उठायचं नाही."